रायरकाकांचा आजारी लॅपटॉप

लॅपटॉप बंद पडला की रायरकाका जिन्याच्या लोखंडी कठड्यावर आमटीची पळी वाजवायचे. खण्ण, खण्ण, खण्ण. तीन ठोके म्हणजे, म्हातारा निजला, खाली या. म्हातारा म्हणजे लॅपटॉप. वेळ रविवारी सकाळी दहाची, आणि ती कधी चुकली नाही. माणसानं आठवडाभर ओरगडमच्या कारखान्यात घाम गाळावा, एक दिवस लोळायचं म्हणावं, तर खालून पळी!

मी सांगलीचा. चेन्नईत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. ते तंजावरकडचे मराठी. पूर्वज कधीकाळी राजाबरोबर तिकडं गेले ते परत फिरलेच नाहीत. अशा लोकांना तिथं 'रायर' म्हणतात. गल्ली त्यांना रायर म्हणायची, मी त्याला काका जोडला. बँकेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगा रवी बंगळूरला. मराठी बोलायचे ती बखरीतली, आणि सूर पक्का तमिळ. "तंबी, अंमळ बसा. उदईक काय कारखाना आहे का?" तंबी म्हणजे धाकटा भाऊ, उदईक म्हणजे उद्या. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना.

बरं, मी काम करायचो गाड्यांच्या ब्रेकवर. लॅपटॉपमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. हे त्यांना दहादा सांगितलं. ते म्हणायचे, "इंजिनीअर आहा ना? मग सरी." सरी म्हणजे ठीक. संपला विषय.

आता त्या म्हाताऱ्याचं वर्णन ऐका. रिची स्ट्रीटवरून आणलेला जुना माल, विटेएवढा जाड. मांडीवर घेतला तर मांडी भाजायची. बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळं वायर काढली की राम म्हणायचा. बिजागरी तुटलेली, म्हणून पडद्याच्या पाठीशी पितळी तांब्या टेकू दिलेला. काकांनी त्याला मेमरी वाढवून घेतली. मग मोठी हार्ड डिस्क. मग चार बटणं गळाली म्हणून वेगळा कीबोर्ड. मग तो तापतो म्हणून समोर टेबलफॅन, आणि फॅनचा वारा थेट लागू नये म्हणून मध्ये पुठ्ठा! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय? आणि एवढ्या थाटामाटानं हा गृहस्थ त्यावर करायचा काय? तर पत्ते खेळायचा. तेही हरायचा.

दर रविवारी दुखणं एकच. बटण दाबलं की म्हातारा टीं टीं टीं ओरडायचा आणि पडदा काळाच. मी तो उताणा करायचो, पोटावरचा एक स्क्रू काढायचो, आतली मेमरीची पट्टी सैल झालेली असायची ती दाबून बसवायचो. दोन मिनिटांचं काम. पण दोन मिनिटांत सोडतील ते रायर कसले! कॉफी यायची. "सांगलीस पाऊस कसा? तुमची आई दोडक्याचं काय करते? शिरा काढून टाकते? अय्यो, शिरांची चटणी नाही करत?" मी तोंडदेखलं उत्तर द्यायचो. चटणी करतात, काका. तीळ घालून. मग त्यांना त्या तिळाचीही चौकशी हवी असायची. दीड तास जायचा. माणूस किती चिकट असावा याला काही सीमा?

त्यात पहिल्याच रविवारनंतर माझा पिवळ्या मुठीचा छोटा स्क्रूड्रायव्हर हरवला. चांगला होता. खोली पालथी घातली, मिळाला नाही. शेवटी दुसरा आणला, तोही या म्हाताऱ्यापायी.

मग रवीनं बंगळूरहून नवा कोरा लॅपटॉप पाठवला. मला वाटलं, सुटलो! पण खोकं तसंच खाटेखाली. मी म्हटलं, "काका, उघडा की."

"नको. नव्याचा काय भरवसा?"

"अहो, तो बंद पडत नाही!"

"तेच तर," ते म्हणाले आणि कॉफी ढवळत बसले. माझं डोकंच फिरलं. मी स्पष्ट सांगून टाकलं, "दसऱ्यापर्यंत ठीक. दसऱ्यानंतर मी या डबड्याला हात लावणार नाही. पळी वाजवून कठडा वाकला तरी येणार नाही." काका कपबशी उचलून आत गेले.

नवमीच्या दिवशी तिकडं आयुधपूजा. ज्या हत्यारावर माणसाचं काम चालतं ते धुऊन पुसून देवापुढं मांडायचं, गंध लावायचं, आणि दशमीला पूजा उतरेपर्यंत त्याला शिवायचं नाही. आमच्या कारखान्यातही यंत्रांना हार घालून सगळ्यांना सुट्टी. मी लोळतोय तोच खण्ण, खण्ण, खण्ण.

तणतणत खाली गेलो. बघतो तर काय! म्हातारा देवापुढं. गाडीच्या चाकाखाली ठेवतात तशी चार कोपऱ्यांखाली चार लिंबं. बोट फिरवायच्या चौकोनावर चंदनाचा गोळा थापलेला, त्यावर कुंकू. अंगावर रेशमी उपरणं, आणि त्याखाली यंत्र चालू! आतला पंखा घरघरतोय.

"काका, जळेल तो! बंद करा आधी!"

मी हात पुढं केला, तर त्यांनी मनगट धरलं. "पूजेत मांडला. आता उदईक."

"अहो, बंद करून मांडायचा होता!"

"निजलेल्या आयुधाची पूजा करतात का?"

 मी कपाळावर हात मारला आणि नजर खाली गेली. म्हाताऱ्याच्या शेजारी, विड्याच्या पानावर, गंध लावून ठेवलेला माझा पिवळा स्क्रूड्रायव्हर.

"हा माझा आहे."

काकांनी मनगट सोडलं. मान खाली घातली. "तुमचाच," म्हणाले. "ज्यानं काम केलं ते आयुध मांडावंच लागतं. लपवलं तर देवी क्षमा करत नाही."

"कसलं काम?"

ते म्हाताऱ्याच्या अंगावरचं उपरणं सारखं करत राहिले. आणि मग माझ्या जाड डोक्यात उजेड पडला. ती पट्टी आपोआप सैल होत नव्हती. दर शनिवारी हा माणूस तो स्क्रू काढत होता, पट्टी उपसत होता, आणि झाकण नीट लावून ठेवत होता.

मी ओरडणार होतो. शपथेवर सांगतो, तोंड उघडलंही होतं.

"रवी तमिळ बोलतो," काका म्हणाले. "सून तमिळ, नातू इंग्लिश. आमची ती होती तोवर घरात बोलणं होतं. ती गेली, आता मराठी बोलतो ती देवापुढंच. तो उलटून बोलत नाही."

"मग नुसतं बोलायला बोलवायचं की मला."

"आला असतात?"

खोटं कशाला सांगू? नसतो आलो. काकांना ते माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे कळल्यावर मला लाज वाटली. मी मुकाट्यानं प्रसादाचे चुरमुरे घेतले आणि वर आलो.

म्हातारा जळला नाही. नालायक चिवट निघाला. दशमीला काकांनी स्क्रूड्रायव्हर गंध पुसून माझ्या दाराशी आणून ठेवला.

त्या रविवारी दहा वाजले. पळी नाही. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. लोळायला मोकळा होतो, पण डोळा लागेना. नुसता कान देऊन पडलो होतो. शेवटी उठलो, जिन्यावर आलो आणि स्क्रूड्रायव्हरनं कठड्यावर तीन ठोके मारले.

खालचं दार लगेच उघडलं. इतकं लगेच, की ते दाराशीच उभे असणार.

"काय जाहलं, तंबी? म्हातारा बरा आहे," ते घाईनं म्हणाले. "मी हात लावला नाही. खरंच."

"माहीत आहे," मी म्हटलं. "अंमळ बसायला आलोय."

स्क्रूड्रायव्हर मी त्यांच्या हातात दिला. म्हटलं, तुमच्याकडंच असू दे.