परबांचा पाहुणा

नातवंडांनो, काल तुमचा बाबा फोनवर म्हणाला, "आई, ते धूड आता देऊन टाक." ते धूड मी तुमच्यासाठी ठेवलं आहे, म्हणून आधी परबांविषयी लिहिते.

परब भोईवाड्याच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत राहायचे. त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर आणि व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर होता. बायको गेली त्या सुमारास त्यातून सतत 'घूंऽऽ' असा आवाज येऊ लागला. परब त्याला पाहुणा म्हणत. "पाहुणा अजून बसलाय, बाई," हाच त्यांचा नमस्कार.

पाहुण्यापायी त्यांनी अख्खा मजला वेठीला धरला. व्हॉल्व्ह बदलले, वायरी बदलल्या. मग आमचे फ्रिज बंद करायला लावले. समोरच्या सुमनताईंचा मिक्सर चटणी अर्धवट असताना थांबवला. शेवटी संशय माझ्या श्रवणयंत्रावर आला.

"बाई, कानातलं काढा."

"काढल्यावर पाहुणा ऐकू कशी?"

"तुम्ही नका ऐकू. मी ऐकतो."

सुमनताई एकदा भडकल्या. "बायको गेली त्याचं काही नाही, हा घूंघूं करत बसलाय!" परब घरात गेले.

परबांची बायको, शालूताई, भजनी मंडळात होत्या. मंडळाची एक रेकॉर्ड निघाली होती, त्यात मागे गाणाऱ्या बायकांत त्या होत्या. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता, आणि घूं नेमकी त्यावरच बसायची.

गेल्या दसऱ्याला मी सोनं द्यायला गेले. यंत्राला पुढून झेंडू, मागे धूळ.

"मागे शालूचं कुंकू आहे. पुसत नाही मी."

मी टॉर्च धरला. अर्थिंगच्या स्क्रूला पूजेचा लाल दोरा गुंडाळलेला होता. तार दोऱ्यावरच दाबली गेली होती, लोखंडाला टेकतच नव्हती; घूं तिथूनच येत होती.

"तिच्या शेवटच्या दसऱ्याला पुसताना तार सुटली," परब हळू म्हणाले. "तिनेच लावलीन. दोराही तिनेच बांधलान."

स्क्रूड्रायव्हर हातात धरून ते बसून राहिले. "काढू, बाई?"

"ऐकायचंय ना तिला?"

त्यांनी दोरा कापला नाही, नखांनी गाठ सोडवली. मग तार घट्ट आवळली आणि रेकॉर्ड लावली. पाहुणा गेला होता. बायकांच्या आवाजांत एक आवाज किंचित मागून आला.

"हीच," परब म्हणाले. "कायम उशिरा."

मग त्यांनी दोरा माझ्यापुढे धरला आणि मनगट पुढे केलं. "बांधता? एका हाताने गाठ बसत नाही."

थंडीत परब गेले. दोरा त्यांच्याबरोबर गेला. यंत्र आणि रेकॉर्ड माझ्याकडे आहेत. शालूताई अजून किंचित मागून गातात.