वडी कडू असल्याचा ठराव

गावाचे नाव सांगत नाही; तिथल्या पंचांशी आमची सोयरीक आहे. भोसरीच्या पुढे, चाकणच्या अलीकडे, एवढे पुरे. तर या गावी सोनबाच्या विहिरीच्या रानात कारखाना काढावा, असे एका परदेशी कंपनीच्या मनात आले. कारखाना गावात यावा, याबद्दल पंचांचे एकमत होते. तो सोनबाच्याच रानात यावा, याबद्दल तर त्याहून एकमत होते. एकटा सोनबा तेवढा ‘न्हाई’ म्हणत होता.

एके दिवशी गोरा साहेब बांधावर आला, विहिरीत डोकावून हसला आणि जाताना खिशातून चांदीच्या कागदातली एक वडी काढून त्याने सोनबाच्या हातावर ठेवली. कंपनीचे कारकून उद्धवराव म्हणाले, “चॉकलेट आहे. साहेबांच्या देशचं, दुधाचं. खा, खा.”

सोनबाला गोडाचे वेड. लग्नघरी जिलबी संपली की लोक आधी त्याच्याकडे बघत. त्याने कागद उलगडला, वास घेतला, तोंडही उघडले. तेवढ्यात त्याची बायको अंबुबाई मागून कडाडली, “अवो! तोंड गोड झालं म्हंजी सौदा पक्का. बैल इकताना काय करता? रान घालवाय निगाला व्हय?”

सोनबाने तोंड मिटले. परंतु ते उघडे असताना सरपंच रंगरावांनी पाहिले होते. त्यांनी तातडीने चावडीवर सभा बोलावून ठराव मंजूर करून घेतला: ‘कंपनीच्या मिठाईने ज्या इसमाचे तोंड गोड होईल, त्याने आपली जमीन कंपनीस राजीखुशीने दिली असे समजावे.’

“आता खा बाबा सोनबा,” रंगराव मायेने म्हणाले.

“खातू की. पर ही गोड हाय का, ह्ये आदी ठरवा. दिसाय तर काताची वडी दिसती. कडू निगाली म्हंजी?”

हरकत कायदेशीर होती. सबब पाच पंचांची चवनिर्णय समिती जागच्या जागी नेमण्यात आली. पहिल्या पंचाने तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटले. “लोण्यागत इरघळतंय,” तो म्हणाला. “मागनं साय लागती. पर नक्की सांगाया आनीक एक तुकडा लागंल.” दुसऱ्याला खरवस आठवला, तिसऱ्याला सासुरवाडी. मतभेद झाल्यामुळे फेरचाखणी घेणे भाग पडले. अखेरचा तुकडा अध्यक्षांचा निर्णायक तुकडा म्हणून रंगरावांनी खाल्ला, मिशा चाटल्या आणि जाहीर केले, “गोड! एकमतानं गोड!”

सोनबा तुकड्यागणिक आवंढा गिळत होता. आता तो उद्धवरावांकडे वळला. “रावसाहेब, लिवून घ्या. ह्या पाचांची तोंडं गोड झाली. माझं कोरडंच हाय.”

उद्धवरावांनी ठराव पुन्हा वाचला. “बरोबर आहे. शिवाय या पाचांची रानं सलग आहेत, रस्त्याला लागून. साहेबांना जमीन हवी. कुणाची, असा त्यांचा हट्ट नाही.”

पाचही पंचांनी घाईघाईने तोंडे पुसली.

“थांबा!” रंगराव ओरडले. “चव आता मागनं याय लागली. कडू हाय!”

“कारल्यावानी,” दुसरा पंच म्हणाला.

“कारलं बरं की वो,” तिसरा कळवळला.

“मग संपवलीत कशी?” उद्धवरावांनी विचारले.

“कडूपनाची खात्री नको व्हय कराय?”

दुरुस्ती एकमताने मंजूर झाली: ‘सदर वडी कडू असून तिने कोणाचेही तोंड गोड झालेले नाही.’ साहेबाला हे वाचून दाखवताच त्याला तो आपल्या देशाचा अपमान वाटला आणि कारखाना ओढ्यापलीकडच्या गावी गेला. पंचांची पोरे आता रोज तिकडे सायकली मारत कामाला जातात. गेटावर त्यांना ‘कडू वडीवाले’ म्हणतात.

सोनबाचे रान राहिले. त्या दिवशी चावडी पांगल्यावर अंबुबाईला तो गोठ्यामागे सापडला, चांदीचा कागद जिभेने साफ करताना.

“कशी लागती वो?”

“जहर,” सोनबा डोळे न उघडता म्हणाला.

हसलात? हसा. गेल्या निवडणुकीत आपल्या दारी पेढा आला होता, तो कडूच होता ना?