महाराजांनी माती खाल्ली

एका जंगलात, म्हणजे बहुधा जंगलातच, एक गवा राज्य करीत होता. तो गवा होता की रानरेडा, याबद्दल मला थोडी शंका आहे, मुलांनो. पण त्याच्या पाठीवर मोठा उंचवटा होता, एवढे आठवते. तेव्हा गवाच म्हणू.

एकदा गवामहाराज भाषणाला उभे राहिले. "माझ्या प्रिय प्रजाजनांनो" म्हणायचे, ते "माझ्या प्रिय गवतांनो" म्हणून बसले. भूक लागली होती, दुसरे काय! मागून कुणीतरी पुटपुटले, "महाराजांनी माती खाल्ली."

महाराजांचे कान मोठे. ते गरजले, "आजपासून या जंगलात कुणीही माती खायची नाही!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माती खातो कोण?

पिराजी खात होता. पिराजी म्हणजे वडाखालचे गांडूळ. टाळ्यांनी जमीन थरथरली, तेव्हा कुणाचे तरी लग्न असावे असे समजून त्याने आणखी एक घास घेतला. तेवढ्यात प्रधान टिटवीबाईंनी त्याला बाहेर ओढले.

"तोंडात काय आहे?"

"माती."

"शी! फुलं खा, फळं खा. आईनं काही शिकवलं नाही?"

"आईनंच वाढली होती, बाई."

"ताठ उभा राहून बोल!"

"कणा नाही, बाई."

"वर उद्धटपणा! पुन्हा खाताना दिसलास तर चोचीत धरीन."

पिराजी घरी गेला. त्याने पोरांपुढे मोगऱ्याची पाकळी ठेवली. दात कुणालाच नव्हते. सगळ्यांनी ती आळीपाळीने चोखली.

"बाबा, थोडीशी माती द्या ना," धाकटे रडू लागले.

"हळू बोल रे! टिटवी ऐकेल."

आता गंमत पाहा. पिराजीचे खाणे बंद, म्हणजे पोखरणे बंद. त्याच्या सगळ्या भाऊबंदांचेही तेच. बिळे बुजली. जमीन दगडासारखी झाली. पाऊस आला, पण त्याला आत कुणी घेईना. मग तो तळ्याकडे पळाला आणि जाताना चांगली माती घेऊन गेला. गवत पिवळे पडले.

महाराजांनी चौकशी लावली.

जमीन म्हणाली, "मला धाप लागलीय. वाऱ्याला विचारा."

वारा म्हणाला, "आत जायचं दारच बुजलंय. पाण्याला विचारा."

पाणी म्हणाले, "मला उंबऱ्यावरूनच हाकललं. गवताला विचारा."

गवत काही बोलले नाही. ते उरलेच नव्हते.

नाही म्हणायला वडाखाली एक झुपका होता. भुकेलेले महाराज धावले आणि त्यांनी तो हिसडा मारून उपटला. मुळांसकट भले मोठे ढेकूळ तोंडात आले.

टिटवीबाई सवयीने ओरडल्या, "तोंडात काय आहे?"



"मा... मा..." महाराज म्हणाले.

"माती!" पिराजी आनंदाने नाचू लागला. "महाराज, खालच्या थरातली घ्या! वरची फार कोरडी लागते!"

 टिटवीबाई पंख फडफडवून म्हणाल्या, "महाराजांनी माती खाल्ली नाही. चाखली! प्रजेसाठी चाखली!"

पुन्हा टाळ्या. त्याच दिवशी नवी राजाज्ञा निघाली: माती खायला बंदी, चाखायला मोकळीक.

"चाख बाबा," महाराज पिराजीला म्हणाले, "पोटभर चाख."

पिराजीने चाखली. पोरांनी तर डाराडूर झोप लागेपर्यंत चाखली. बिळे झाली, वारा आत गेला, पाणी आत गेले, गवत बाहेर आले. महाराजांना 'मृदारसिक' ही पदवी मिळाली. पिराजीला समज मिळाली, की चाखताना मचमच आवाज करू नये.

तात्पर्य: गांडुळाने माती खाल्ली तर गुन्हा, राजाने खाल्ली तर धोरण. म्हणून मुलांनो, माती खायचीच असेल तर आधी मोठे व्हा.

आणि हो, गांडुळाला खरोखरच कणा नसतो. मी हे कित्येक वर्षांनी पडताळून पाहिले. गव्याच्या पाठीवरचा उंचवटा मात्र कण्याच्याच हाडांचा असतो.