गोटोबाचे चाळीस गोटे

हाताच्या वेगाचं शास्त्र अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात फक्त मला कळतं, असं माझं ठाम मत होतं. होतं, बरं का! मी इंद्रभान मास्तर, मोताळ्याच्या शाळेत ड्रिल शिकवायचो. शाळेत एकच चेंडू, तोही शिवण उसवलेला. पण म्हणून काय झालं? चेंडू टाकणारा माणूस घडवता येतो, हे मी ज्याला त्याला सांगत सुटायचो. अगदी न्हाव्यालासुद्धा, आणि तेही वस्तरा माझ्या गळ्यावर असताना!

तर एकदा मलकापूरचे तहसीलदारसाहेब शाळा तपासायला आले. त्यांना क्रिकेटचं भयंकर वेड. दसऱ्यानंतरच्या एका रविवारी खामगावच्या संघाशी त्यांचा सामना ठरला होता आणि त्यांच्याकडे जोरात चेंडू टाकणारा एकही गडी नव्हता.

"मास्तर, एक गडी द्या," साहेब म्हणाले. "वाऱ्यासारखा चेंडू टाकणारा. माझ्याकडे चपराशाची जागा रिकामी आहे. त्यालाच घेतो!"

"दिला, साहेब!" मी म्हणालो. माझी ही सवय जुनीच. आधी बोलायचं आणि मग घाम पुसायचा.

पण गडी माझ्या डोळ्यांसमोर होता. शकूर पिंजारी, बाविशीचा पोरगा. पिंजण चालवून चालवून त्याचं मनगट लोखंडी झालेलं. त्याचे वडील फकीर मोहम्मद तीस वर्षं कापूस पिंजत आले, आणि त्या तीस वर्षांची सारी रुई जणू त्यांच्या छातीत जाऊन बसली होती. चार पावलं चालले की खोकत खाली बसायचे. मी घरी गेलो तेव्हा त्यांनी माझे हातच धरले.

"मास्तरसाब, माझं तं झालं आता. पण या पोराले या रुईतून बाहेर काढा. याची छाती अजून साफ हाये."

गंमत गंमत म्हणून दिलेला शब्द एकदम जड झाला. रविवारी शकूर पडला, तर तो जन्मभर त्या धुळीत राहणार होता.

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या दुपारच्या सुट्टीत तालीम सुरू केली. माझी पद्धत सरळ होती. आधी आठवडाभर चेंडूहून जड वस्तू फेकायची, मग चेंडूएवढी. कोपर वाकू नये म्हणून शकूरच्या हाताला तुऱ्हाटी, म्हणजे तुरीची वाळकी काठी, बांधली. आता फेकायचं काय? आमची जमीन काळी, गोटा शोधून मिळत नाही. चाळीस गोल गोटे एका जागी होते ते फक्त गोटोबाकडे!

गोटोबा म्हणजे गावाबाहेर मलकापूरच्या रस्त्यालगत, नाल्याच्या काठावर, हिवराच्या झाडाखाली असलेला गोट्यांचा ढीग. तिथं काय आहे, कोण पुरलं आहे, कुणालाच ठाऊक नाही. येणाऱ्याजाणाऱ्यानं सोबत आणलेला एक गोटा ढिगावर टाकायचा आणि मागं न पाहता चालू लागायचं, एवढंच ठाऊक. तिथला गोटा कुणी उचलत नाही. चुकून कुणाच्या शेतात गेलाच, तर दिवस मावळायच्या आत परत करायचा.

"मास्तर, गोटोबाचे गोटे?" शकूर दोन पावलं मागं सरकला. "मराचं हाये का आपल्याले?"

"अरे, विसाव्या शतकात आहेस तू! उचल!"

"उचलतो. पण मांगं पाह्यणार नाही, सांगून ठेवतो."

"नको पाहू! उलट पळ! पायात ताकद आली तरच हातात वेग येतो." आणि मी जागच्या जागी तालमीचा मंत्र तयार केला. फेक, वळ, पळ! गोटा नाल्यापलीकडच्या ज्वारीत फेकायचा, लगेच पाठ फिरवायची आणि रस्त्यावरच्या मैलाच्या दगडाला हात लावून परत यायचं. मग दुसरा गोटा. देवाचाही मान राहिला आणि पायही तयार झाले. माझ्या हुशारीवर मीच खूश!

नीट हिशेब राहावा म्हणून मी गोट्यांवर खडूनं एक ते चाळीस आकडे घातले. गोटा सुटला की मीही पळायचो आणि पळता पळता मोजायचो. ज्वारी पुरुषभर उंच, कणसं भरलेली. गोटा पडला की सळसळ व्हायची. पहिल्या दिवशी सळसळ यायला पाच आकडे लागले. म्हणजे वेग यथातथाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला गेलो. ऊन असं की सावलीसुद्धा पायाखाली दडलेली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. शकूर ढिगाजवळ गेला आणि तिथंच थिजला.

"मास्तर... ते आले."

"कोण आले?"

"गोटे."

पाहतो तर काय, आदल्या दिवशी नाल्यापलीकडे फेकलेले चाळीसच्या चाळीस गोटे हिवराखाली पडलेले! माझेच आकडे. सात, एकोणीस, तेहतीस. आणि प्रत्येकावर एकेक लाल ठिपका. मी बोट लावलं. ठिपका ओला होता!

"खून हाये मास्तर, खून!"

"कुंकू आहे, गाढवा!" मी बोट हुंगत म्हणालो. आवाज जरा चिरकला. "कुणीतरी... पूजा केली असेल."

"नाल्यापलीकडं जाऊन, चाळीस गोटे येचून, एकेकाची पूजा?"

मी ओरडलो, "फेक!" आणि त्यानं फेकला. काय फेकला म्हणून सांगू! तीन आकड्यांत सळसळ! तेव्हा मला शास्त्राचा नवा नियम सापडला. भीती वाढली की वेग वाढतो. मी तो वहीत लिहूनसुद्धा ठेवला.

मग रोजचंच झालं. आम्ही फेकायचो, दुसऱ्या दिवशी गोटे हजर, लाल ठिपक्यांसकट! शकूर मनात काहीतरी पुटपुटत फेकायचा. मीही काखेत पोथी घेऊन जायला लागलो. ती ड्रिलची निघाली, ही गोष्ट वेगळी.

सामन्याआधीच्या बुधवारी कहर झाला. आम्ही मैलाच्या दगडाकडे पळत होतो आणि मागून सूं... सूं... असा आवाज आला. काहीतरी माझ्या कानाजवळून गेलं, टोपी उडाली आणि पुढच्या धुळीत एक गोटा धप्पकन पडला. आकडा सात! वर ओलं कुंकू! आणि नाल्यापलीकडून, त्या ज्वारीच्या आतून, लांबच लांब सूर आला.

"काऊन मारतं रे बापाऽऽ! घे तुये गोटेऽऽ!"

"बाईचा आवाज हाये!" शकूर किंचाळला.

"गोटोबा तर पुरुष आहे ना?"

"त्याची बायको असंल!"

पुढचं मला आठवत नाही. शाळेत पोचलो तेव्हा एक वहाण पायात होती आणि दुसरी हातात.

संध्याकाळी शकूरनं सरळ सांगितलं, "मास्तर, आता मी नाही येत. पिंजण बरं, रुई बरी."

आतून फकीर मोहम्मदचा खोकला ऐकू येत होता. थांबतच नव्हता. शकूर मान खाली घालून ऐकत राहिला.

"हे बघ," मी हळूच म्हणालो, "वेग कमावता येतो, पण तो राखावाही लागतो. दोन दिवस हात थांबला की गेला! तीनच दिवस राहिलेत. मलाही भीती वाटते रे. माझी तर टोपी गेली. पण मी येतो तुझ्यासोबत."

शकूर आतल्या खोकल्याकडे बघत म्हणाला, "हाव. येतो."

गुरुवारी गेलो, तर नवलच! गोटे पडलेले नव्हते. ढिगावर नीट रचलेले होते. एक, दोन, तीन... थेट चाळीसपर्यंत, ओळीनं! कुंकवाचा ठिपका एकावरही नाही. मी खूश झालो. "बघ! बायको रागावली होती, पण गोटोबानं समजूत काढली. देवाला आपली सवय झाली!"

शकूरनं फेकला. वळलो, पळालो, मोजायला लागलो. एक, दोन, तीन... दहा... वीस. सळसळ नाही. गोटा पडल्याचा आवाजच नाही! चाळीस गोटे फेकले, एकाचाही आवाज आला नाही. वारा थांबलेला. ज्वारीचं पानही हलत नव्हतं.

"एवढ्या लांब गेले की काय?" मी म्हणालो. "याला म्हणतात वेग!"

"मास्तर, पाखरंबी नाहीत आज," शकूर एवढंच बोलला.

शुक्रवारी, शनिवारी तसंच. गोटे ओळीनं रचलेले आणि आवाज काही नाही. माझी छाती मात्र फुगत चालली होती.

रविवारी मलकापूरच्या मैदानावर ही गर्दी! फकीर मोहम्मद बैलगाडीतून आले होते, तोंडावर फडकं धरून. खामगावचे कप्तान म्हणजे एक धिप्पाड वकील. शकूरनं चेंडू घेतला, धावत आला, हात फिरला... आणि मधली दांडी उडून मागच्या तंबूत! वकील बॅट धरून तसेच उभे. त्यांना चेंडू दिसलाच नव्हता. लोकांनी टोप्या उडवल्या. मी तर नाचायलाच लागलो!

पण शकूर कुठाय?

शकूर वळला होता आणि पळत होता! पंचांना ओलांडून, सीमारेषा ओलांडून, पानवाल्याच्या टपरीवरून, मोताळ्याच्या रस्त्यानं सुसाट! मागं बघायचं नाव नाही.

"मास्तर! हा माणूस चालला कुठं?" तहसीलदार ओरडले.

"मैलाच्या दगडाला हात लावायला, साहेब," मी जिवाच्या करारावर सांगितलं.

मैलाचा दगड तिथून एक मैलावर होता! अर्ध्या तासानं शकूर परतला, धापा टाकत. "लावला मास्तर हात. द्या दुसरा." दुसरा चेंडू, दुसरा बळी, आणि पुन्हा फेक, वळ, पळ! मी "थांब बे!" म्हणून बोंबललो, पण मागं पाहायचं नाही हे मीच घोटवून घेतलं होतं ना! दिवसभरात शकूरनं तीन चेंडू टाकले, तीन बळी घेतले आणि सहा मैल तुडवले. उरलेल्या वेळात खामगाववाल्यांनी आमच्या बाकीच्या गड्यांना असं धोपटलं की बोलायची सोय नाही. हरलो!

साहेबांनी मला आणि शकूरला समोर उभं केलं. फकीर मोहम्मद गाडीला टेकून बघत होते. खोकला आला तरी दाबून धरत होते. ज्या पोराला धुळीतून काढायला निघालो, त्याला मीच पुन्हा धुळीत लोटलं होतं.

"हा दरवेळी परत आला?" साहेबांनी विचारलं.

"हो, साहेब."

"मध्ये कुणाशी बोलला? कुठं चहा प्यायला? मागं वळून पाहिलं?"

"नाही, साहेब."

साहेब खुर्चीत मागं रेलले. "मास्तर, नोटीस हातात टेकवून, वाद न घालता, मागं न पाहता परत येणारा चपराशी मी दहा वर्षं शोधतोय! उद्यापासून ये रे. फक्त पुन्हा क्रिकेट खेळू नकोस."

फकीर मोहम्मद खाली बसून लेकरासारखे रडले. खरं सांगतो, मीही रडलो. मग लगेच लोकांना सांगू लागलो की माझी पद्धतच अशी आहे.

सोमवारी दुपारी गोटोबाचे आभार मानायला गेलो, एकटाच. हिवराखाली एक म्हातारी बसली होती. कमरेला गोफण, हातात कुंकवाचा करंडा. नाल्यापलीकडच्या ज्वारीची मालकीण, सत्यभामाबाई!

"तुमीच का ते ड्रिलवाले?" म्हातारी डोळे बारीक करून म्हणाली. "काल बजारात समदं कळलं मले. मी मचाणावर पाखरं राखत होती, अन् धडाधड गोटे! मले वाटलं, गोटोबा कोपला. डोळ्याले दिसत नाही धड. मग एकेकाले कुंकू लावून गोफणीनं धाडत होती वापस, या हिवराच्या शेंड्याकडं."

मी डोक्याला हात लावला. पंधरा दिवस आम्ही जिला भ्यालो, ती पंधरा दिवस आम्हाला भीत होती! आणि साठीच्या पुढची ही बाई माझ्या शकूरच्या दुप्पट वेगानं फेकत होती.

"पोरगं बरं फेकते," ती म्हणाली. "पण चाळीस चाळीस गोटे एकाच हातानं? हात मरते ना! मी एक दिस उजव्यानं, एक दिस डाव्यानं. इसावा नसला तं जोर राह्यते का कोठी?"

मी वही काढून गुपचूप लिहून घेतलं. मग हसत म्हणालो, "पण बाई, शेवटचे तीन दिवस तुम्ही गोटे काय सुंदर रचून ठेवले हो!"

"कोन्ते तीन दिस?"

"गुरुवार, शुक्रवार, शनिवार."

"मी कोठी होती इथं?" म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. "बुधवारी भेव वाटलं, तशी सांजेलेच गेली उंद्रीले, लेकीकडं. काल आली. चार दिस शेतात मानूस नव्हतं. म्हटलं, पाखरांनी समदं खाल्लं असंल. पण पाह्य ना, एक कणीस उणं नाही!"

ऊन डोक्यावर होतं. एकही पाखरू बोलत नव्हतं.

म्हातारी उठली आणि नाल्याकडे चालू लागली. तिनं मागं पाहिलं नाही. मी खिशातून आणलेला एक गोटा ढिगावर ठेवला, हात जोडले आणि रस्त्याला लागलो. मैलाच्या दगडापाशी आलो, तोच मागं हिवराखाली आवाज झाला. टक्. जसा कुणी गोट्यावर गोटा नीट रचून ठेवावा.

मी वळून पाहिलं नाही. घरी पोचलो तेव्हा बायकोनं, आमच्या कोकिळेनं, विचारलं, "अहो, कोण लागलं होतं पाठीशी?" मी म्हणालो, "कुणी नाही, वेगाचा सराव करत होतो." त्या दिवशीचा माझा वेग जिल्ह्यात अजून कुणी मोडलेला नाही, पण तो पुन्हा करून दाखवा म्हणाल, तर माफ करा, दुपारी बारानंतर मी घराबाहेर पडत नाही!