आप्पांच्या फोटोत मी गुडघ्यापर्यंत

माझ्या गुडघ्यांचे जेवढे फोटो निघाले असतील, तेवढे एखाद्या नटीच्या चेहऱ्याचेही निघाले नसतील. सगळे काढलेत शेजारच्या मधूआप्पांनी. आमची चौलची आळी म्हणजे भर दुपारी कावळासुद्धा दमानं ओरडतो. तिथं हा सत्तरीचा माणूस हातात मोबाइल घेऊन रस्त्यात फतकल मारून बसलेला असतो. कधी चक्क पालथा! नवा रिक्षावाला असला की घाबरून खाली उतरतो, "काका, चक्कर आली काय?"

"न्हाय रे बाबा, कुंपणाखालचं मांजराचं भोक काढतोय!"

गंमत म्हणजे याच आप्पांनी न्हावा शेव्याला क्रेन चालवण्यात उभी हयात घालवली. सगळं जग उंचावरून बघितलेला माणूस. पण उंचीचं नाव काढा, लगेच म्हणणार, "हॅट्! वरून काय दिसतंय? निसती टाळकी!"

गणपतीत तर कहर केला. म्हटलं, आप्पा, आमच्या बाप्पाचा एक झकास फोटो काढा. काढला. फोटोत नुसता उंदीर! उंदीर, त्याच्या पुढ्यातला मोदक आणि आम्ही सकाळपासून शोधत असलेली काडेपेटी, पाटाखाली सरकलेली. बायको भडकली, "अहो, पण देव कुठाय?"

"देव वर हाय की," आप्पा शांतपणे म्हणाले.

हे वेड लागलं कशानं, ते सांगतो. आप्पांची नात ओवी इथेच रांगायला लागली, इथेच चालायला शिकली. आप्पांची बायको गेल्यावर घरात तेवढाच एक आवाज होता. पुढे मुलाला मस्कतला नोकरी लागली आणि ओवीही आईबापांबरोबर गेली. आप्पा तिला घराचे फोटो पाठवायचे, चांगले उभ्यानं काढलेले. एकदा पोरगी फोनवर म्हणाली, "आप्पा, हे कुणाचं घर?"

त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. "विसरली रे पोर," एवढंच म्हणाले.

मग एकदा त्यांच्या हातातून फोन निसटला, पायरीवर आपटता आपटता फोटो निघाला आणि बोट लागून तोच तिला गेला. तिकडून किंकाळी, "ही माझी पायरी! हिच्यात मुंग्या राहतात!" तेव्हा आप्पा जे जमिनीवर आले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

या मे महिन्यात ओवी येणार म्हटल्यावर आप्पांचा जीव थाऱ्यावर नव्हता. "ओळखंल ना रे? परक्यासारखी तर न्हाय ना बघणार?" सकाळपासून माझं डोकं खाल्लं. गाडी थांबली, ओवी उतरली. माझ्या तोंडाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. गुडघ्यावरचा जुना व्रण बघितला आणि ओरडली, "बाळूकाका!" मग मांजराचं भोक, पायरी, मुंग्या, सगळ्यांची खुशाली विचारून आली. आम्ही हसून हसून बेजार. आप्पा आपले दारात उभे, डोळे पुसत.

एवढ्यात तिनं त्यांचा मोबाइल पळवला. "सगळे जवळ या!" अख्खी आळी तिच्यापुढे दाटीवाटीनं उभी राहिली. तिनं फोन डोळ्यांसमोर सरळ धरला. मान वर केलीच नाही, आप्पांचीच नात ती!

तो फोटो आता आप्पांच्या पडवीत लावलाय. माझी ढेरी आलीय, बायकोचा पदर आलाय, टाळकं मात्र कुणाचंच नाही. चेहरा आलाय तो एकट्या आप्पांचा. ते तिच्यासमोर खाली बसले होते.