वेल्सच्या चर्चची किल्ली

आमच्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या घराची वास्तुशांत चालू होती. सगळी मंडळी खाली हॉलमध्ये गुरुजींसमोर बसली होती आणि शेजारचे कारखानीस काका माळ्यावर होते. तीर्थप्रसादाच्या वेळी ते टॉर्च घेऊन शिडीवरून उतरले, केसांत इन्सुलेशनचा कापूस तसाच, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "छप्पर ठीक आहे नितीन. भिंतींचं मात्र काही खरं नाही." मग त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं. "ऐक! पोकळ. पुठ्ठ्याचं खोकं घेतलंयस. माझ्या चर्चची भिंत तीन फूट जाड आहे."

गुरुजींच्या हातातली पळी तिथेच थांबली.

"काका ख्रिश्चन झालेत का रे?" पाहुणे गेल्यावर माझ्या बायकोने, मेधाने, हळूच विचारलं.

तसं काही नव्हतं. काका मूळचे पुण्याचे, इलिनॉयमधले पूल तपासण्यात हयात घालवून रिटायर झालेले, रोज सकाळी अथर्वशीर्ष म्हणणारे. त्यांचं ते चर्च होतं वेल्समध्ये, मेंढ्यांच्या कुरणात, सात-आठशे वर्षांचं. आसपासची वस्ती केव्हाच उठून गेली आणि प्रार्थना बंद पडली. काका आणि सुमनकाकूंनी ते आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तेही जेमतेम तीन तास. मुलगी इंग्लंडमध्ये शिकत होती, तिला भेटायला गेले होते तेव्हा. परत आल्यावर वर्षा-दीड वर्षात काकू आजारी पडल्या आणि गेल्या. काका त्या तीन तासांवर आजतागायत बोलताहेत.

बर्फ पडला की मी ड्राइव्हवे साफ करायला बाहेर पडायचो. काका फावडं घेऊन हजर, पण स्वतःचा बर्फ उपसायच्या आधी ते फावड्याच्या टोकाने त्यावर चर्चचा प्लॅन काढायचे. "ही एकच लांब खोली. टॉवर वगैरे थाट नाही, पश्चिमेच्या टोकाला छपरावर घंटेपुरती कमान. दक्षिणेला पोर्च, तुझ्या गराजच्या बाजूला. आत दोन्हीकडे दगडी बाक. उत्तरेचं दार कधीतरी चिणून टाकलंय. आणि आवार बघ, गोल! गोल आवार म्हणजे जागा चर्चपेक्षाही जुनी, असं तिकडे म्हणतात." मध्ये ओकच्या लाकडाचा कोरीव पडदा होता, द्राक्षाच्या वेलाच्या नक्षीचा, आणि त्यात म्हणे एकही खिळा नव्हता. चुन्याच्या थराखालून जुन्या चित्राची तांबडी रेघ डोकावत होती. माझी बोटं गारठून जायची आणि काका अजून वेदीपर्यंतही पोचलेले नसायचे.

उत्तरेची भिंत मात्र ते आवाज खाली आणून सांगायचे. "बाहेर झुकलीय. चांगली वीतभर. शेकडो वर्षं झुकलेली आहे, पडत नाही. का? कोणीतरी छप्पर सांभाळलंय, भिंतीत पाणी मुरू दिलं नाही. आधी छप्पर!"

हे 'आधी छप्पर' त्यांना कुठेही लागू पडायचं. डॉटकॉम कंपन्या कोसळल्यावर माझी नोकरी गेली, तेव्हा भेटायला येऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मेधाच्या कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स आहे ना? झालं तर मग. आधी छप्पर." एवढं बोलून चहा प्यायले आणि गेले. त्या महिन्यात मला कोणी दिलेला हा सर्वांत चांगला धीर होता.

एकदा वैतागून मी म्हणालो, "पण काका, तिथे कोणी जातच नाही. मग एवढं मेंटेन कशाला करायचं?"

काकांनी फावडं थांबवलं. "कोणी जात नाही म्हणूनच करायचं. जिथे लोक जातात तिथलं होतं आपोआप."

एका फेब्रुवारीत काका पत्र घेऊन आमच्याकडे आले. सोबत एक फुलाफुलांचा पत्र्याचा डबा आणि डब्यात वीतभर लांबीची लोखंडी किल्ली.

"ही चर्चची," ते म्हणाले. चेहरा चोरासारखा.

मग सगळं बाहेर आलं. किल्ली शेजारच्या शेतावरच्या ग्वेनबाईंकडे असायची. मागून न्यायची आणि परत द्यायची, अशी तिथली रीत. त्या दिवशी बाईंनी किल्लीबरोबर घरच्या गोड चकत्यांचा डबाही दिला. काका-काकूंनी पोर्चमधल्या बाकावर बसून त्या खाल्ल्या, दाराला कुलूप लावलं आणि हरवू नये म्हणून काकूंनी किल्ली डब्यात ठेवली. परत गेले तर बाई घरी नाहीत आणि दिवसाची शेवटची बस सुटायला आलेली. काका डबा दारात ठेवणार, तोच काकूंनी हात धरला. "कुणाचा डबा रिकामा परत करतात का? लाडू घालून पोस्टाने पाठवू." आतल्या किल्लीची आठवण शिकागोला बॅग उघडल्यावर झाली. ग्वेनबाईंनी कळवलं, दुसरी किल्ली आहे, सावकाश पाठवा. काकूंनी दिवाळीला पाठवायचं ठरवलं. मग आजारपण आलं.

आता ग्वेनबाई शेत विकून मुलाकडे राहायला चालल्या होत्या. चर्च जुन्या इमारती सांभाळणाऱ्या एका संस्थेच्या ताब्यात जाणार होतं. महिनाअखेरपर्यंत किल्ली मिळाली तर ती संस्थेला आपल्या हाताने देता येईल, असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं.

"मग पाठवा की काका," मी म्हणालो. "लाडू डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणतो."

"विकतचे? सुमनच्या डब्यात?" काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून बेसनाची पिशवी काढली.

बेसन त्यांनीच भाजलं, आमच्या किचनमध्ये. पहिली खेप करपली. दुसरी कच्ची राहिली. मेधा कालथा घ्यायला पुढे झाली तर म्हणाले, "तू फक्त सांग गं. हलवायचं मी." तिसऱ्या खेपेला लाडू वळले, एकही दुसऱ्यासारखा नाही. डबा भरला, किल्ली कागदात गुंडाळून मधोमध ठेवली. झाकण लावायची वेळ आली आणि काका नुसते बसून राहिले.

"इतकी वर्षं का नाही पाठवलं, विचारलं नाहीस तू," ते म्हणाले. "डबा घरात होता तोवर वाटायचं, सुमनचं एक काम राहिलंय. आज तेही संपलं."

मेधाचे डोळे भरून आले. काकांनीच झाकण दाबलं आणि आम्ही पोस्टात गेलो.

त्यानंतर काका गप्पच झाले. मार्चमध्ये बर्फ पडला तर सरळ उपसून मोकळे, प्लॅन नाही की काही नाही. मलाच करमेना.

एप्रिलमध्ये एका शनिवारी सकाळी काकांचा फोन आला. किल्ली वेळेत पोचली होती. ग्वेनबाईंनी ती आपल्या हाताने संस्थेला दिली होती, आणि नव्या घरून पार्सल पाठवलं होतं. काकांनी किल्लीसोबतच्या पत्रात डब्याची सगळी हकिगत लिहिली होती ना! पार्सलमध्ये तोच फुलाफुलांचा डबा, गोड चकत्यांनी काठोकाठ भरलेला, आणि वर चिठ्ठी : तुमच्या पत्नीचं बरोबर होतं, डबा रिकामा परत करू नये.

"वा!" मी म्हणालो. "मग काका, आम्ही येतो खायला."

"याच. पण आधी मेधाला फोन दे," काका घाईघाईने म्हणाले. "बेसन किती वेळ भाजायचं होतं, ते लिहूनच घेतो या वेळी."