पिंपवाल्याची बायको पळाली ते घर

पोर्तो शहर बघायला वाटाड्या लागतो, असं कोणी म्हटलं की बेल्मिरोला आईवरून शिवी दिल्यासारखं वाटे. त्यामुळे फ्रान्सहून बऱ्याच वर्षांनी आलेला मेहुणा आर्मिंदो जेवताना म्हणाला, "शनिवारी एखादी वाटाड्यासकट फेरी घेऊ," तेव्हा बेल्मिरोने चमचा खाली ठेवला.

"मी मेलोय का? नदीकाठी जन्मलो, पलीकडच्या तळघरांत जन्मभर वाइनची पिंपं बांधली. तिथली पायरी न् पायरी मला ओळखते."

"ओळखायची," त्याची बायको ग्रासिएत म्हणाली. "आता आपण गोंदोमारला राहतो."

मालकाने नदीकाठचं घर पाहुण्यांना रोजच्या भाड्याने द्यायला काढलं आणि दोघं शहराबाहेरच्या इमारतीत येऊन पडली. तेव्हापासून बेल्मिरो नदीकडे फिरकला नव्हता. पण आता मेहुण्यासमोर शब्द गेला होता.

शनिवारी त्याने दोघांना थेट आल्बेर्तिनाच्या खानावळीकडे नेलं. "आधी वजडी आणि घेवड्याचं कालवण. असं अख्ख्या देशात मिळत नाही."

ते तिथेही मिळालं नाही. खानावळीच्या जागी सार्डिन माशांच्या डब्यांचं झगमगीत दुकान होतं आणि डब्यांवर वर्षं छापलेली होती. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून बेल्मिरोचं जन्मवर्ष विचारलं आणि त्या सालचा डबा त्याच्या हातात ठेवला.

"आत मासा आहे की तूच आहेस?" आर्मिंदोने विचारलं.

बेल्मिरो डबा ठेवून जवळच्या वाटेने नदीकडे निघाला. ही वाट कोणाला माहीत नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. ते खरंच होतं, कारण ती एका हॉटेलच्या भटारखान्यात जाऊन संपत होती. तिथून आचाऱ्याने त्यांना कांद्याच्या पोत्यांमधून बाहेर काढलं.

ग्रासिएतचे गुडघे बोलायला लागले. ती एका उंबऱ्यावर टेकली आणि मग तिच्या लक्षात आलं, हा आपलाच उंबरा. वर तीच खिडकी होती, फक्त आता तिला पिवळा रंग होता.

तेवढ्यात छत्री उंच धरून एक तरुण बाई आली. मागे ब्राझीलच्या पर्यटकांचा घोळका.

"या घरात एक पिंपवाला राहायचा," तिने हळव्या आवाजात सुरुवात केली. "बायको फार देखणी. एके दिवशी ती खलाशाबरोबर पळाली. तो या खिडकीत बसून वाइन पीत राहिला आणि झुरून झुरून मेला."

घोळक्यातल्या एका बाईने डोळे पुसले.

"साफ खोटं," बेल्मिरो म्हणाला. "तो पिंपवाला मी. मी मेलेलो नाही. आणि ही माझी बायको, ही कुठेही पळालेली नाही."

"कोणी विचारलंच नाही," ग्रासिएत पुटपुटली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. फेरीतच नाटक आहे म्हणून मंडळी खूश झाली. बेल्मिरो जितका चिडून ओरडे, तितके फोटो निघत. कोणीतरी विचारलं, "आणि खलाशी?" आर्मिंदोने लगेच टोपी काढून कमरेत लवून दाखवलं. बेल्मिरोने मेहुण्याची गचांडी धरली. टाळ्या दुप्पट झाल्या.

वाटाडी बाई हुशार होती. घराची किल्ली तिच्याकडे होती; तिने दार उघडलं आणि दोघा नवरा-बायकोला वर खिडकीत उभं केलं.

ज्या खोलीत बेल्मिरोची आई गेली, तिथे आता काचेमागे न्हाणीघर होतं. ग्रासिएतने त्याकडे पाठ केली, खिडकीच्या कठड्यावर कोपरं टेकली आणि नदीकडे बघत राहिली. खालून लोक हात हलवत होते. तिला ते दिसत नव्हते.

घोळका पांगल्यावर बाई वर आली. "दर शनिवारी याल? जेवण आमच्याकडे, वाइनही."

बेल्मिरोने जन्मभर गोळा केलेल्या शिव्यांमधली निवडक जिभेवर आणली. पण ग्रासिएतने त्याच्याकडे न बघताच विचारलं, "खिडकीत किती वेळ उभं राहू देणार?"

"तुम्हाला हवा तेवढा."

बेल्मिरोने शिवी गिळली. वजडीपेक्षा ती जड गेली.

आता दर शनिवारी ग्रासिएत पळून जाते, म्हणजे खिडकीत जाऊन उभी राहते. बेल्मिरो खाली रस्त्यावर रडतो, ओरडतो, मरतो. काम बरं चाललंय, असं बाई म्हणते. ती राजधानीची, लिस्बनची आहे. तिची एकच सूचना असते आणि ती अगदी अदबीने करते:

"सेन्योर बेल्मिरो, तेवढी बोलण्याची ढब जरा सुधाराल का? लोकांना ती इथली वाटत नाही."